माफी कोणी मागायची?

दिवाळीची सुट्टी लागली की घरात दोन गोष्टी एकदम वाढतात, आवाज आणि तक्रारी. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आमची दोन्ही मुले घरी आली, दप्तरे कपाटाखाली सरकवली आणि त्या क्षणापासून घराचा ताबा त्यांच्याकडे गेला. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. सकाळी न्हाणीघरात आधी कोण जाणार इथून भांडण सुरू होते आणि रात्री उशी कोणाची इथे ते संपते. मधल्या वेळात शेजाऱ्यांच्या कौलांवर चेंडू जातो, विहिरीवरची बादली गायब होते, धाकटा रडतो, थोरला 'मी काही केलं नाही' म्हणतो. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी सारे घर क्रूसासमोर गुडघे टेकून बसते, तेव्हा कुठे अर्धा तास शांतता मिळते. धाकटा तर तिसऱ्या रहस्यालाच आजीच्या मांडीवर झोपलेला असतो.

वाचकहो, आपल्याही घरी यापेक्षा काही निराळे घडत नसेल. म्हणूनच त्या सुट्टीतला एक प्रसंग आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत. प्रसंग लहान आहे. पण त्याने आमच्यापुढे असा एक प्रश्न टाकला, की लग्नाला तेरा वर्षे झाली तरी आम्ही दोघांनी तो कधी एकमेकांना विचारलेला नव्हता. आईबापांनी मुलांची माफी मागावी का?

सुट्टीत आम्ही मुलांना 'सॉरी म्हण' असे किती वेळा सांगतो ते एके दिवशी सहज मोजले. दुपारच्या जेवणापर्यंत नऊ वेळा झाले. दादाला सॉरी म्हण, आजीला सॉरी म्हण, शेजारच्या काकांना सॉरी म्हण, हात मिळवा, झाले, आता खेळा. त्या नऊ वेळांत आमच्या स्वतःच्या तोंडून तो शब्द एकदाही बाहेर पडला नव्हता. याचा अर्थ आमच्याकडून दुपारपर्यंत एकही चूक झाली नव्हती, असा मात्र नाही.

सुकेळ्यांची राखण

आमच्या घरी आजी अजून सुकेळी करते. वसईच्या वाडीतली राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाळवायची. साखर नाही, तेल नाही, लागतो तो फक्त धीर. सकाळी चटईवर मांडायची, संध्याकाळी गोळा करून आत न्यायची, असे बरेच दिवस चालते. त्या वर्षी आजीने पाच डझन मांडली होती. नाताळला आत्या आखातातून यायची होती, तिच्यासाठी त्यातली अर्धी बाजूला काढून ठेवायची होती. कावळे आणि खारी हाकलण्याचे काम थोरल्याला दिले होते. मोबदला म्हणून सुट्टीच्या शेवटी एक नवा टेनिसचा चेंडू ठरला होता.

त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मुलांचा किल्ला चालला होता. शेजारच्या वाडीतली मुले दिवाळीला किल्ला करतात, त्यांच्या नादाने आमचेही दोघे मातीत हात घालतात. त्या वर्षी साऱ्यांनी मिळून आपल्या वसईचाच किल्ला करायचे ठरवले होते. मग पोर्तुगीज कोण होणार आणि चिमाजी अप्पांचे मराठे कोण होणार यावर दोन दिवस वाद झाला. कोणालाच हरायचे नव्हते. शेवटी १७३९ ची लढाई अर्ध्यावर थांबवून सर्वांनी मिळून तटबंदी लिंपली, आत चर्च बांधले, उतारावर हळीव पेरले आणि बुरुजावर प्लास्टिकचे मावळे उभे केले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आजीने सुकेळी मोजली, तर चार डझनच भरली. एक डझन कमी. तिने पुन्हा मोजली, तरी तितकीच. खार एखादे नेईल, कावळा दोन नेईल, एकदम बारा कशी जातील? आम्ही दोघे नुकतेच बाहेरून आलो होतो. एकाने गर्दीच्या लोकलमधला दीड तासाचा प्रवास सोसला होता, दुसरी बाजारातून जड पिशव्या घेऊन आली होती. थोरल्याला हाक मारली. तो किल्ल्यापाशी होता, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"सुकेळी कोणी खाल्ली?"

"मी नाही खाल्ली."

"मग कुठे गेली? राखणीला तूच होतास ना?"

"मी नाही खाल्ली, पप्पा. देवाशपथ."

"मित्रांना वाटलीस?"

"नाही."

तिसऱ्या 'नाही'ला त्याच्या गालावर चपराक बसली. पाच-सहा मुले बघत होती. थोरला रडला नाही. हात तसेच चिखलाचे ठेवून तो घरात गेला आणि त्या रात्री जपमाळेच्या वेळी त्याने उत्तरे दिली ती फक्त ओठ हलवून.

हात उगारला तो आमच्यापैकी एकाने, बापाने. परंतु आईही तिथेच उभी होती आणि तिच्या तोंडून निघाले ते असे : "खोटं बोलायला कुठे शिकलास?" म्हणजे एकाने मारले आणि दुसरीने त्या मारण्यावर शिक्का उठवला. म्हणूनच हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत.

न विचारलेला साक्षीदार

दोन दिवसांनी सकाळी नेहमीची कोळीण दारी आली. टोपली उतरवता उतरवता आजीला म्हणाली, "मावशी, तुम्ही परवा दिलेली केळी पोरांनी एका दिवसात फस्त केली हो. अजून जरा ओलसर होती, पण काय गोड!"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आजी मासळी निवडत होती. ती नुसती हसली, कोणत्या केळ्यांबद्दल बोलणे चालले आहे हे तिच्या लक्षात आले नाही. आपण एक डझन सुकेळी हाताने बांधून दिली, हे ती त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत विसरली होती.

तेवढ्यात पायरीवर बसलेला धाकटा म्हणाला, "हो, आजीने दिली. मी बघितलं होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही दादाला विचारत होता."

सात वर्षांच्या मुलाच्या या उत्तराला आमच्याकडे उत्तर नव्हते. खरोखरच आम्ही कोणाला काही विचारले नव्हते. थोरल्याला जे विचारले, तेही विचारणे नव्हते. उत्तर आमच्या मनात आधीच तयार होते, ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे एवढेच बाकी होते. कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, पुरेसा आधार नसताना दुसऱ्याच्या ठिकाणी नैतिक दोष आहे असे मनोमन धरून चालणे, हासुद्धा सत्याविरुद्धचा अपराध म्हणून सांगितला आहे. हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो होतो. पण त्या 'दुसऱ्यां'मध्ये स्वतःची मुलेही येतात, असा विचार कधी मनाला शिवला नव्हता. शेजाऱ्यावर आळ घेताना आपण दहा वेळा विचार करतो. मुलावर घ्यायला एक क्षण पुरतो, कारण ते आपले असते आणि उलट हात उचलत नाही. शाळेत शिक्षकाने मुलावर हात उचलू नये असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बजावले आहे. कोणी शिक्षकाने असे पुराव्याशिवाय मारले असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिलो असतो.

तीन सबबी

त्या दुपारी मुले झोपल्यावर आम्ही दोघे बोलत बसलो. खरे सांगायचे तर माफी कशी मागावी यावर आम्ही बोललो नाही. ती मागावी लागू नये म्हणून काय काय करता येईल, यावरच बोललो. तीन सबबी सापडल्या, आणि त्या वेळी तिन्ही आम्हांला शहाणपणाच्या वाटल्या.

पहिली सबब अशी, की बापाने मुलापुढे वाकले तर धाक राहणार नाही. उद्या प्रत्येक गोष्टीला मुलगा म्हणेल, 'तेव्हा तुम्ही चुकला होता ना?' हे भय खोटे नाही. पण जरा खोलात गेल्यावर प्रश्न पडला, की आपला अधिकार उभा आहे तरी कशावर? आपण कधीच चुकत नाही यावर तो उभा असेल, तर तो केव्हाच पडायला हवा होता, कारण आपण चुकतो हे मुलांना ठाऊक असते. सुट्टीत चोवीस तास बरोबर असताना तर फारच जवळून ठाऊक होते. आपण कबूल केले नाही म्हणून चूक त्यांच्यापासून लपत नाही. त्यांना फक्त एवढे कळते, की मोठे झाल्यावर चूक कबूल करावी लागत नाही. मग मुले घाईने मोठी होऊ पाहतात, यात नवल काय?

दुसरी सबब अशी, की थोरलाही अगदी निर्दोष नव्हता. त्याने राखण सोडली होती. तो जागेवर असता तर आजीने कोणाला काय दिले हे त्याने पाहिले असते. हे शंभर टक्के खरे होते आणि म्हणूनच धोक्याचे होते. त्याने केलेल्या लहान चुकीच्या आडोशाला आम्हांला आमची मोठी चूक ठेवता येत होती. परंतु राखण सोडल्याबद्दल त्याला कोणी मारले नव्हते. मारले होते ते चोरी आणि खोटेपणा यांबद्दल, आणि ते दोन्ही त्याने केले नव्हते. न केलेल्या अपराधाची शिक्षा केलेल्या अपराधाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

तिसरी सबब सर्वांत नाजूक होती. थोरल्याला खरे सांगायचे तर आजीचे विसरणे सांगावे लागणार होते. गेले काही महिने ती चष्मा शोधते, नावे चुकवते, एकदा गॅस चालू ठेवून वाडीत गेली होती. हे आम्ही दोघे जाणतो, तिच्यापुढे बोलत नाही. तिच्या मानासाठी ही गोष्ट इथेच मिटवावी, असे आम्ही ठरवले. थोरल्याला काही बोलायचे नाही, दोन दिवसांनी ठरलेल्या चेंडूबरोबर एक चांगली बॅटही आणून द्यायची. तो आपोआप विसरेल.

आजीचे रक्षण करण्यासाठी आम्ही गप्प बसत आहोत, असे आम्ही एकमेकांना सांगितले. आता मागे वळून पाहताना वाटते, की आम्ही आजीच्या पदराआड उभे राहिलो होतो.

आजी

हा सारा बेत रात्रीच्या जेवणाच्या वेळी धाकट्याने एका वाक्यात मोडून टाकला. भाताचा घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "आजी, तू कोळणीला केळी दिलीस आणि मार दादाला बसला."

पानावर सारेच थांबले. आजीने आधी धाकट्याकडे, मग आमच्याकडे पाहिले. आमच्या चेहऱ्यांवरून तिला सारे कळले असावे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हात धुऊन उठली, थोरल्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळा, चुकले रे मी. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्यामुळे तुला मार बसला."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिने चूक कबूल केली आणि तिच्या ध्यानात राहत नाही हेही सगळ्यांसमोर सांगून टाकले. ज्या मानाची काळजी आम्ही करीत होतो, तो तिने असा सहज बाजूला ठेवला आणि तो कमी झाल्यासारखा कोणालाच वाटला नाही. उलट त्या क्षणी घरात तिच्याइतके मोठे दुसरे कोणी नव्हते.

त्यानंतर आम्हांला गप्प बसणे शक्य नव्हते. जेवणानंतर थोरल्याला स्वयंपाकघरात बोलावले. बापाने म्हटले, "त्या दिवशी आमचं चुकलं. तू खरं बोलत होतास. पण तूही राखण सोडून किल्ल्यावर गेलास ना..."

थोरल्याने मान खाली घातली. 'चुकलं' ऐकताना वर आलेला त्याचा चेहरा 'पण' ऐकताच मिटला. ते आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसले. आईने मध्येच थांबवले आणि म्हणाली, "पण नाही. आमचं चुकलं. मी तुला खोटारडा म्हटलं, तेही चुकलं. राखणीचं आपण उद्या बोलू."

मराठीत 'पण' हा दोन अक्षरी शब्द आहे. माफीच्या वाक्यात तो आला की त्याच्या आधीचे सारे पुसून टाकतो.

किल्ल्यापाशी

आम्हांला वाटले होते, मुलगा गळ्यात पडेल, डोळे पुसेल, सारे संपेल. तसे काही झाले नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बरं." मग दारापर्यंत जाऊन वळला. "पोरांना सांगाल?"

"कोणत्या पोरांना?"

"किल्ल्यावरच्या. ते मला चोर म्हणतात."

या प्रश्नासाठी आमची काहीच तयारी नव्हती. आम्ही मारले ते चारचौघांत आणि माफी मागत होतो ती स्वयंपाकघराचे दार लावून. शिक्षेने त्याचा गाल दुखला होता, तो केव्हाच बरा झाला होता. दुखत होते ते नाव. आणि ते नाव या घरात नव्हे, अंगणाच्या त्या टोकाला गेले होते. ते तिथेच जाऊन परत आणावे लागणार होते. मघाशी उल्लेख केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात याविषयीही स्पष्ट सांगितले आहे, की न्याय आणि सत्य यांविरुद्ध अपराध घडला तर क्षमा मिळाल्यावरही भरपाई करण्याचे कर्तव्य उरते, आणि कोणाच्या नावाला लागलेल्या बट्ट्यालाही ते लागू आहे. जक्कयाची गोष्ट आपण मुलांना किती हौसेने सांगतो! झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून मुले हसतात. तो खाली उतरल्यावर ज्याला फसवले त्याला चौपट परत देईन म्हणाला, तो भाग आपण पटकन आवरतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्साविधीच्या आरंभी आपण छातीवर हात मारून आपले अपराध कबूल करतो. ते शब्द आम्ही लहानपणापासून म्हणत आलो आहोत. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले, की ही कबुली एकट्या सर्वसमर्थ देवापुढे नसते, बंधुभगिनींपुढेही असते. आणि आमच्या डाव्या हाताला, बाकाच्या काठाला टेकून, आमचे हे दोन लहान बंधू उभे होते. दर रविवारी ते आम्हांला 'आम्ही अपराधी आहोत' असे म्हणताना ऐकतात आणि सोमवार ते शनिवार आमच्या तोंडून तसे काही ऐकत नाहीत. त्यांनी यातून काय समजावे? वेदीपाशी दान आणताना आपल्या बंधूच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आमचा क्रम उलटा झाला, हे कबूल करतो. किल्ल्यावर आम्ही गेलो ते मिस्सा झाल्यावर.

कचेरीत पन्नास माणसांपुढे बोलण्याची सवय असलेल्या माणसाला सहा ते बारा वयाच्या पाच मुलांपुढे बोलताना घाम फुटला. "परवा मी याला तुमच्यासमोर मारलं. याने सुकेळी घेतली नव्हती. खोटंही बोलला नव्हता. चूक माझी होती." मुले गप्प राहिली. त्यांतला सर्वांत छोटा म्हणाला, "मग कुणी घेतली?" त्यावर आमच्या थोरल्यानेच उत्तर दिले, "कुणी घेतली नाही. कोळणीच्या पोरांना दिली." आजीचे नाव त्याने घेतले नाही. ज्या नाजूक प्रश्नावर आम्ही दुपारभर खल केला होता, तो त्याने असा सोडवला.

मग सर्वजण पुन्हा तटबंदीकडे वळले. एका बुरुजाला तडा गेला होता.

माया आणि न्याय

पुढच्या आठवड्यात २ नोव्हेंबर आला. आम्ही सारे नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेलो. मुलांनी आजोबांच्या थडग्यावरचे गवत उपटले, आजीने झेंडूची फुले वाहिली, मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या त्या पुन्हा पुन्हा पेटवल्या. तिथे उभे असताना आमच्यातल्या एकाला तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला. तोही सुट्टीतलाच. आजोबांच्या सायकलची घंटा मोडली होती आणि न मोडणाऱ्याला मार बसला होता. खरा प्रकार पुढे कळला. आजोबा त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलाला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवले, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेले आणि बर्फाचा गोळा घेऊन दिला.

आपल्या मागच्या पिढीची माफी अशीच असे. ताटात मासळीची एक तुकडी जास्त पडे, रात्री पांघरूण नीट केले जाई, काहीतरी खाऊ येई. तिची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्या हातांना शब्दांपेक्षा काम अधिक येत होते आणि त्या बर्फाच्या गोळ्यात प्रेम होते याविषयी तिळमात्र शंका नाही. तरीही त्या मुलाला, जो आज स्वतः बाप आहे, एक गोष्ट कधीच कळली नाही. आपण निर्दोष आहोत हे बाबांना पटले, की आपल्याला मारल्याची त्यांना नुसती दया आली? त्याला माया मिळाली, न्याय मिळाला नाही. आणि तीस वर्षांनी थडग्यापाशी उभे राहून विचारायचे, तर आता उत्तर कोण देणार?

आमची बॅट हा असाच बर्फाचा गोळा ठरली असती. मुलाला माया हवी असते हे आपण जाणतो. त्याला न्यायही हवा असतो, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही, हे आपण विसरतो. तू खरा होतास, हे त्याला कोणीतरी शब्दांत सांगावे लागते.

तत्कालीन पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिलीच्या वर्षी, चर्चच्या लेकरांच्या हातून शतकानुशतके घडलेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. अशाने चर्चचा मान उतरेल, असे तेव्हा काहींना वाटले होते. आज तो दिवस त्यांच्या कारकिर्दीतला एक मोठा दिवस म्हणून आठवला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये कुटुंबांविषयी बोलताना घरात तीन शब्द हवेत असे सांगितले : परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. पहिले दोन आपण मुलांना शिकवतो. तिसरा शिकवून येत नाही. तो ऐकून येतो.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मूल रुसले म्हणजे आपण चुकलो, असे नाही. त्याच सुट्टीत आम्ही महागड्या फटाक्यांना नाही म्हटले, रात्री नऊनंतर मोबाइल बंद केला, थोरल्याला राखण सोडल्याबद्दल चेंडूसाठी चार दिवस जास्त थांबायला लावले. या सर्वांवर रुसवे झाले. त्यांबद्दल आम्ही माफी मागितली नाही आणि मागायची गरजही नव्हती. मुलांना खूश ठेवण्यासाठी मागितलेली माफी ही लाच आहे. माफी मागायची ती अन्यायासाठी. आणि तीच चूक दर पंधरा दिवसांनी करून दर वेळी गोड शब्दांत माफी मागणे, हा तर मारापेक्षाही वाईट धडा होईल. म्हणून आम्ही दोघांनी आपल्यापुरते तीन नियम केले. आधी विचारायचे, आणि सर्वांना विचारायचे, धाकट्यालाही. बाहेरून आल्याबरोबर कोणताही निवाडा करायचा नाही, जपमाळ होऊन जाऊ द्यायची. आणि हात उचलायचा नाही. पहिले दोन बहुधा पाळले जातात. तिसरा अजून एकदाही मोडलेला नाही, मात्र दोनदा हात खिशात घालून अंगणात चालत जावे लागले.

संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. हे प्रत्येक आईबापाला पाठ असते. त्याच्या लगेच पुढे त्याने बापांनाही बजावले आहे, की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. दोन्ही सूचना एकाखाली एक आहेत. एक वाचून पुस्तक मिटायचे, ही सवय आता सोडली पाहिजे.

सुट्टी संपायला एक दिवस उरला होता. दप्तरे कपाटाखालून निघाली, किल्ल्यावरचे हळीव वाळून पिवळे पडले. संध्याकाळी थोरला स्वतःहून आमच्यासमोर येऊन उभा राहिला. "पप्पा, मम्मी, टाकीचा नळ माझ्याकडून तुटला. सॉरी." आम्ही एकमेकांकडे पाहिले. न विचारता दिलेली ही त्याची पहिलीच कबुली होती. ती त्या रविवारमुळे आली की नव्या चेंडूच्या ओढीने, कोण जाणे!

आम्ही काही बोलणार इतक्यात तो पुढे म्हणाला, "पण धाकट्याने मला ढकललं होतं."

तो 'पण' त्याने कोणाकडून उचलला, हे विचारायची आम्हांला गरज पडली नाही. आम्ही धाकट्याला हाक मारली आणि आधी त्याला विचारले.